लेडीज स्पेशल! ठाणे ते कल्याण, कामावर निघालेल्या बायकांच्या भन्नाट गोष्टी

सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान डोंबिवलीच्या फलाटावर लेडीज डबा थांबतो त्या जागी उभं राहून बघा. बँकवाली, मंत्रालयातली, शाळेतल्या बाई, हॉस्पिटलची सिस्टर, आयटीवाली, वकीलबाई, मॉलमधली सेल्सगर्ल, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली इंटर्न. वीस-पंचवीस सेकंदांत एकाच दारातून पन्नास व्यवसाय आत शिरतात. यातल्या जवळपास प्रत्येक व्यवसायाचं दार कधी ना कधी बाईला बंद होतं, आणि ते पहिल्यांदा कुणीतरी ढकललं. ढकलणाऱ्यांपैकी काही जणी थेट आपल्या पट्ट्यातल्या, काही इथे शिकलेल्या, काही इथून रोज गाडी नेणाऱ्या. त्यांच्या गोष्टी आपल्या मुलींना तोंडपाठ असायला हव्यात.

शुक्र ग्रहावर पोचलेली कल्याणकर

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तिच्याहून एकच वर्षाने मोठं, १८६४ चं. नवव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्याने नाव ठेवलं आनंदी. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला मोकळेपणाने दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे त्या कोवळ्या आईच्या मनाने घेतलं. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात शिकली आणि ११ मार्च १८८६ रोजी एमडी झाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदान बघायला पंडिता रमाबाई तिकडे हजर होत्या.

इथपर्यंतची गोष्ट शाळेत शिकवतात. आता पुढच्या तीन बघा.

एक, १० ऑक्टोबर १८८५ रोजी कॉलेजात काढलेला एक फोटो आहे. त्यात तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी, आपापल्या देशाच्या पोशाखात: आपली आनंदीबाई, जपानची केइ ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. तीन देशांच्या तीन आद्य महिला डॉक्टर एका चौकटीत! वर्गात नेहमीचा गणवेश असता तर हा फोटो इतका बोलका झालाच नसता.

दोन, आनंदीबाईंच्या अस्थींचं स्मारक अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत आहे. ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी तिला लेकीसारखं ठेवून घेतलं, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत.

तीन, शुक्र ग्रहावर तिच्या नावाचं विवर आहे. शुक्रावरची वीस किलोमीटरहून मोठी विवरं कर्तबगार स्त्रियांच्याच नावाने ओळखायची असा आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचा नियम. त्या नियमाने कल्याणच्या जोश्यांची लेक तिथे जाऊन बसली.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री विभागावर तिची नेमणूक झाली होती. क्षयाने तिला रुजू होऊ दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. मायदेशी एकही दिवस डॉक्टरकी न करू शकलेली ही डॉक्टर आजवर किती मुलींच्या डॉक्टर होण्याचं कारण झाली, त्याची मोजदाद अवघड आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसणाऱ्यांत गेली काही वर्षं मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असते, एवढं सांगितलं तरी पुरे.

'कल्याण ट्रेनिंग स्कूल' आणि एकटी मुलगी

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्यानंतर इंजिनाच्या मुठीवर बाईचा हात पडायला किती वर्षं लागली? सव्वाशेहून जास्त.

सुरेखा यादव साताऱ्याच्या शेतकरी घरातल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या. रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हरची जाहिरात आली, अर्ज भरला, लेखी परीक्षेला गेल्या तर तिथे मुलगी ही एकटीच. निवड झाली आणि १९८६ मध्ये प्रशिक्षणासाठी त्या आल्या कल्याणच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये. १९८९ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर म्हणून कायम झाल्या. त्यांची पहिली मालगाडी वाडीबंदर ते कल्याण या मार्गावरची. म्हणजे आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती घडली आपल्या कल्याणात. कल्याणच्या नावापुढे दुर्गाडी किल्ला जसा लावतो, तसं हेही लावायला हवं.

पुढचा प्रवास ऐका. एप्रिल २००० मध्ये त्यांनी लेडीज स्पेशल लोकल चालवली. डब्यात बायका आणि मोटरमनच्या केबिनमध्येही बाई. २०१० मध्ये घाटात गाडी चालवायचं खास प्रशिक्षण घेतलं. घाटात पुढे-मागे इंजिनं लावून गाडी चढवायची आणि उतरताना ब्रेकवर जीव ठेवायचा, हे रेल्वेतलं मोठं कसबाचं काम. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत घेऊन त्या मुंबईत उतरल्या, ही गाडी चालवणाऱ्या पहिल्या महिला म्हणून. मधल्या काळात कल्याणच्याच प्रशिक्षण केंद्रात त्यांनी नव्या चालकांना शिकवलं, आणि त्या वर्गात पुरुषही होते. छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

त्यांच्या पाठोपाठ आल्या मुमताज काझी. १९९१ पासून रेल्वेत, डिझेल इंजिन चालवणारी पहिली महिला म्हणून लिम्का बुकात नोंद, पुढे सीएसएमटी ते ठाणे मार्गावर मोटरवुमन. वडील रेल्वेतच नोकरीला असूनही सुरुवातीला त्यांचाच विरोध होता. २०१७ मध्ये मुमताजना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. ठाण्याला उतरणाऱ्या कितीतरी प्रवाशांना त्यांनी वेळेवर पोचवलं असेल, आणि गाडी कोण चालवतंय हे डब्यात कुणाला ठाऊकही नसेल.

एक गोष्ट मात्र गोड नाही. इंजिनात स्वच्छतागृह नाही, ही महिला लोको पायलटांची फार जुनी तक्रार. नव्या इंजिनांत सोय होऊ लागली आहे, पण सगळीकडे नाही. जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करावेत' छापणं सोपं. त्या आल्यावर आठ-दहा तास त्यांनी काय करायचं, याचा विचार इंजिनाच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असायला हवा.

१९९२: एक अख्खी गाडी

लेडीज डबे जुनेच. पण अख्खी गाडी बायकांची, ही कल्पना १९९२ ची. ५ मे रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुटली आणि १ जुलैला मध्य रेल्वेने आपल्या कल्याणची लेडीज स्पेशल सुरू केली. रेल्वेने गाडी दिली याचा अर्थ सरळ आहे: कल्याण-डोंबिवली-ठाण्याहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बायका एवढ्या झाल्या होत्या की दोन-तीन डब्यांत मावत नव्हत्या.

या डब्यात एक वेगळंच खातं चालतं. चौथ्या सीटवर अर्धं बसून मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. फेरीवाल्या बायका क्लिपा, कानातली, नेलपेंट, गाऊन, लोणच्याच्या पुड्या घेऊन एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातात, त्यांचंही ते ऑफिसच. डोहाळजेवणं होतात, हळदीकुंकू होतं, दसऱ्याला डबा सजतो, आरती होते. कुणाच्या मुलीचं स्थळ इथे जुळतं, कुणाला नोकरीची बातमी इथे लागते. 'आमच्याकडे जागा निघालीये, बायोडेटा पाठव' हे वाक्य या डब्यात किती वेळा बोललं गेलं असेल! रोजगार विनिमय केंद्राने केलं नसेल एवढं काम गाडीतल्या ग्रुपने केलं आहे. आणि भांडणंही होतात, उतरणाऱ्या आणि चढणाऱ्यांमध्ये, डोंबिवलीत बसून आलेल्या आणि ठाण्याला चढलेल्यांमध्ये. पण कुणाला चक्कर आली की त्याच सगळ्या जणी बाजूला सरकून वारा घालतात.

पगारपत्रकाआधीची कमावती

'बायका नोकरी करायला लागल्या' असं आपण म्हणतो तेव्हा चेंदणी कोळीवाडा विसरतो. ठाणे स्टेशनला अगदी खेटून चेंदणी, थोडं पुढे महागिरी. बोट पुरुषांची, पण जाळ्यातून म्हावरं निघालं की त्याचा भाव, उधारी, वसुली आणि गिऱ्हाईक कोळणीच्या हातात. पहाटे उठून बाजार गाठायचा, लोकलच्या मालडब्यात पाटी चढवायची, दिवसभर बसून माल संपवायचा आणि कमरेच्या पिशवीत पैसे घेऊन घरी यायचं. पगारपत्रक नाही, पीएफ नाही, पण घरातला आर्थिक निर्णय तिच्याशिवाय होत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या आगरी बायकांचंही तसंच. भातलावणीत गुडघाभर चिखलात, नंतर बाजारात भाजीची पाटी घेऊन. आज त्यांच्याच लेकी-सुना तांदळाच्या भाकरीच्या ऑर्डरी घेतात.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. हे पारितोषिक कुणाशी वाटून न घेता मिळवणारी ही पहिली महिला. अमेरिकेची दोनशे वर्षांची माहिती चाळून त्यांनी दाखवलं की बायकांचं कमावणं सरळ रेषेत वाढत आलेलं नाही. शेतीच्या काळात ते जास्त होतं, कारखाने आले तेव्हा घसरलं आणि शिक्षण व ऑफिसच्या नोकऱ्या वाढल्या तसं पुन्हा चढलं. आपल्या पट्ट्यात ही इंग्रजी 'यू'च्या आकाराची रेघ तीन पिढ्यांत दिसते. आजी शेतात आणि बाजारात, आई चाळीतल्या दोन खोल्यांत गृहिणी, नात ऐरोलीच्या आयटी पार्कात.

'लग्न झालं? मग उद्यापासून येऊ नका'

ही गोष्ट सगळ्यात कमी माहीत असलेली, म्हणून जरा सविस्तर.

एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्याचं वागळे इस्टेट. मुंबई-ठाणे पट्ट्यात औषधांच्या कंपन्या जोरात होत्या. गोळ्या-बाटल्या पॅक करायच्या खात्यात मुली घ्यायच्या, कारण हात चपळ आणि काम नेटकं. पण मुंबईतल्या इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषध कंपनीत त्या खात्याला एक अट होती: मुलगी अविवाहितच हवी आणि लग्न केलं की नोकरी आपोआप संपली. मालकांचं म्हणणं, हे टीमचं काम, एक गैरहजर राहिली तर सगळ्यांचं अडतं आणि लग्न झालेल्या बायका जास्त दांड्या मारतात.

बॉम्बे लेबर युनियन भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९६५ मध्ये कोर्टाने अट मोडीत काढली. विवाहित बाई जास्त गैरहजर राहते याला पुरावा काय, असं विचारलं. बाळंतपणाची रजा लागेल, तर त्यासाठी राखीव म्हणून चार बायका जास्त ठेवता येतात, हेही सुनावलं. साठ वर्षांपूर्वीचा हा निकाल. कुठल्याशा कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या, नावंही आपल्याला ठाऊक नसलेल्या मुलींनी लग्न आणि नोकरी दोन्ही हवं म्हटलं आणि देशाच्या सर्वोच्च कोर्टाकडून ते मिळवलं.

मोठ्या नोकऱ्यांतली गत काही वेगळी नव्हती. परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे. त्याच सेवेतल्या सी. बी. मुथम्मा त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचे कान उपटले. एअर इंडियात एअर होस्टेस पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी जाई, हा नियम कोर्टाने १९८१ मध्ये रद्द केला. तोवर भारताची पंतप्रधान एक बाई होती, हे लक्षात घ्या.

आणि रात्रपाळी? कारखाना कायद्याने १९४८ पासून बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला बंदी. हेतू संरक्षणाचा, परिणाम असा की शिफ्ट फिरती असेल तिथे बाईला घ्यायचंच नाही. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटी घालून ही बंदी उठवली. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातही बाईची संमती, सुरक्षा आणि घरपोच वाहन असेल तर रात्रीच्या कामाला वाट करून दिली. हॉस्पिटलच्या सिस्टर मात्र कधीपासून नाइट करतात. त्यांच्या सुरक्षेची काळजी कायद्याला इतक्या उशिरा का वाटली, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

टकटक, टिंग!

ज्यांचं तारुण्य सत्तर-ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत गेलं, त्यांना स्टेशनजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूट आठवतील. जिना चढायच्या आधीच टकटकाट ऐकू यायचा. मॅट्रिक झाली की मुलीने टायपिंगला नाव घालायचं. सरकारी जीसीसी परीक्षा: आधी तीसचा स्पीड, मग चाळीस. इंग्रजी झालं की मराठी. ज्यांची जिद्द जास्त त्यांचं शॉर्टहँड. ओळ संपली की घंटा वाजायची आणि डाव्या हाताने कॅरेज ढकलायचा. आणि बोटांकडे बघायचं नाही! चाळीसचा स्पीड हातात असला की फोर्टात, बँकेत, एलआयसीत, मंत्रालयात, टेलिफोन खात्यात अर्ज करायला मोकळी.

गंमत म्हणजे ते टाइपरायटरही याच लाइनवर बनत. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर बाजारात आणला, विक्रोळीत. कारखाना त्याच मध्य रेल्वेच्या रुळांशेजारी, ज्यांवरून टायपिस्ट मुली कामाला जात. २००९ च्या सुमारास हे उत्पादन थांबलं आणि जीसीसी परीक्षाही संगणकावर गेली. पण त्या यंत्राने या भागातल्या एका पिढीला पहिला पगार दिला, आणि त्या पगारातून डोंबिवलीतले वन रूम किचन विकत घेतले गेले. हप्ता दोघांच्या पगारातून. आजही राज्यात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. पन्नास लाखांच्या फ्लॅटवर पन्नास हजार वाचतात. बुकिंगला जाताना विसरू नका.

एका जिल्ह्यातून देशभर गेलेली नोकरी

पालघर वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी आदिवासी मुलांना दिलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही दोघींची पद्धत. महागडी खेळणी नाहीत. शिंपले, बिया, पानं, बांबू यांतूनच मोजणी आणि रंग शिकवायचे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना जे नाव मिळालं ते या दोघींच्या प्रयोगातलं: अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत आणि त्या बायकाच चालवतात. जगातल्या स्त्रियांच्या सगळ्यात मोठ्या कार्यदलांपैकी हे एक, मूळ ठाणे जिल्ह्यातलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. अंगणवाडी सेविकेला मात्र अजून पगार नाही, 'मानधन' मिळतं. कुपोषण मोजायचं, सर्वेक्षण करायचं, पोषण आहार शिजतोय का बघायचं, मोबाइलवर माहिती भरायची, आणि नोंद 'मानसेवी'. हे बदललंच पाहिजे.

भराभर सात

• अबोली रंगाची रिक्षा दिसली तर हात करा, ती बाईची. रिक्षा परवान्यांत पाच टक्के महिलांसाठी राखीव ठेवायचं राज्याने २०१६ मध्ये ठरवलं आणि ठाण्यात या रिक्षा रस्त्यावर आल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९८८ पासून, पुण्यात शीला डावरे रिक्षा चालवत होत्या.

• बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांताचा, १९२९ चा. आदल्या वर्षी कायदे मंडळात त्याची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

• कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ च्या निवडणुकीत जागा १२२, त्यातल्या निम्म्या, ६१, महिलांसाठी. स्थानिक स्वराज्य संस्थांत राज्याने १९९० मध्ये तीस टक्क्यांनी सुरुवात केली, २०११ मध्ये पन्नासवर आणलं.

• देशातलं पहिलं राज्य महिला धोरण महाराष्ट्राचं, १९९४ चं. सरकारी नोकऱ्यांत महिलांना तीस टक्के जागा त्यातूनच आल्या. पोलीस चौकीत आज ज्या मुली खाकीत दिसतात, त्यांच्यामागे हे धोरण आहे.

• याच मध्य रेल्वेवरचं माटुंगा स्टेशन जुलै २०१७ पासून फक्त महिला कर्मचारी चालवू लागल्या. लिम्का बुकात नोंद.

• नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ मध्ये पहिल्यांदा मुलगी शिरली: हर्षिनी कान्हेकर.

• भारतात वैमानिकांमध्ये बायका सुमारे पंधरा टक्के, जगात सरासरी पाच. या एका बाबतीत आपण अमेरिका-युरोपच्या पुढे.

सगळ्यात मोठा आकडा: २८९

आता पोळी-भाजी केंद्राकडे चला. डोंबिवली, ठाणे, कल्याण, कुठल्याही स्टेशनबाहेर संध्याकाळी सातनंतर. छोटा गाळा, पुढे काउंटर, मागे तीन-चार जणी. एक कणकेचे गोळे करते, एक लाटते, एक तव्यावर पोळी उलटवून फडक्याने दाबते. पोळी टम्म फुगते, घडी पडते, वर तुपाचं बोट फिरतं की नाही हे गिऱ्हाइकाने आधी सांगायचं. 'सहा पोळ्या, एक वांगं, एक मटकी, वरण आहे?' गाडीतून उतरलेली बाई पर्स चाचपत विचारते. पोळ्या नगावर, भाजी वजनावर. बुधवारी-शुक्रवारी काही ठिकाणी अंडाकरी. होळीला पुरणपोळीच्या आणि गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी महिनाभर आधी.

काउंटरच्या दोन्ही बाजूंना कामावरची बाई आहे, हे बघा. बाहेरची मुंबईतून दहा तासांनी परतलेली, आतली चार तास तव्यापुढे उभी. आतलीच्या कष्टावर बाहेरचीची नोकरी उभी आहे आणि बाहेरचीच्या पगारावर आतलीचा धंदा. पाळणाघरवाल्या काकू, धुणीभांडी करणाऱ्या ताई, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या बाई, या सगळ्यांचं तसंच. पूर्वी जे काम सासू किंवा जाऊ फुकटात करायची, ते आता पैशाने होतं. मला ही चांगलीच गोष्ट वाटते. कामाला दर लागला की त्याला किंमत आली.

पण घरातले पुरुष कुठे आहेत? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात याचं उत्तर मिनिटांत दिलंय. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. दोनशे एक मिनिटांचा फरक, रोज. कल्याणहून सीएसएमटीला जाऊन येऊनही त्यातली मिनिटं उरतात!

आणि लेडीज डब्याच्या गर्दीवर भुलू नका. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार शहरी भारतात पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी कामात किंवा कामाच्या शोधात फक्त २८. त्याआधी सहा वर्षं त्या २० होत्या, म्हणजे वाढ आहे. पण ७२ जणी अजून फलाटाच्या बाहेर आहेत. त्यातल्या कितीतरी शिकलेल्या, चाळीसच्या स्पीडच्या, बी.कॉम.च्या, इंजिनियर. मुलाच्या दहावीसाठी सोडलेली, सासूबाईंच्या आजारपणात सोडलेली, बदलीमुळे सोडलेली नोकरी परत धरता येत नाही, हे आपल्या सोसायट्यांतलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. त्यावर उपाय करायला नोबेल लागत नाही. स्टेशनजवळ परवडणारं आणि रात्री आठपर्यंत उघडं असणारं पाळणाघर, ठाणे-कल्याणच्या आसपासच नोकऱ्या, आणि घरात २८९ मधली शंभर मिनिटं उचलणारा पुरुष, एवढ्याने पुष्कळ होईल.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातली पहिली पगार घेणारी बाई कोण, कुठल्या साली, कुठल्या कामावर, पहिला पगार किती आणि त्याचं तिने काय केलं, हे तिला विचारा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. ती आजी असेल, आत्या असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल. आणि ज्या घरात एखादीला पुन्हा नोकरी धरायची आहे, त्या घरातल्यांनी उद्या सकाळचा डबा तिच्यासाठी भरून द्यावा.